शिक्षेच्या आधीचा निर्णय

अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून गंभीर गुन्हा घडला की सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते: त्याला शिक्षा किती व्हावी? तीन वर्षे पुरेत का, दहा हवीत का, की मोठ्या माणसासारखी जन्मठेपच द्यावी? भारतीय कायद्यात या प्रश्नाचे उत्तर निकालाच्या दिवशी क्वचितच मिळते. ते आधीच, आणि पुष्कळदा गुन्हा सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी, ठरून गेलेले असते. मुलाचे वय काय नोंदले गेले, त्याचा गुन्हा कायद्याच्या कोणत्या वर्गात बसवला गेला आणि परिवीक्षा अधिकारी व मानसतज्ज्ञ यांनी त्याच्याविषयी काय लिहून दिले, या तीन गोष्टींवर पुढचे बहुतेक सगळे अवलंबून असते. या पुस्तकाचा विषय मुलांना होणाऱ्या शिक्षा हा आहे. पण वाचकाने नजर ठेवावी ती या तीन गोष्टींवर, असे मला वाटते. वाढत्या वयातल्या मुलाविषयीचा निर्णय जितका लवकर आणि जितका कायमचा घेतला जाईल, तितका तो चुकण्याचा संभव जास्त. आपल्या कायद्यात सोळाव्या-सतराव्या वर्षी एकदाच बांधायचा एक अंदाज आहे, आणि एकविसाव्या वर्षी त्या मुलाकडे पुन्हा पाहण्याची सोयही आहे. आपण सगळी शक्ती खर्च करतो ती अंदाजावर. पुन्हा पाहण्याच्या सोयीची आठवणही फारशी कुणी काढत नाही.

मुलांना मोठ्यांच्या मापाने मोजू नये हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८५० च्या कायद्याने किरकोळ गुन्ह्यातील मुलांना तुरुंगात धाडण्याऐवजी कारागिराच्या हाताखाली धंदा शिकायला ठेवण्याची वाट खुली केली. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासूनची. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे निरीक्षणगृह आणि मानखुर्दची बालगृहे ही नावे तिच्यामुळेच घरोघरी ठाऊक झाली. संपूर्ण देशासाठी एकच कायदा यायला मात्र १९८६ साल उजाडले. त्यात मुलग्यांची मर्यादा सोळा वर्षांची आणि मुलींची अठरा वर्षांची होती. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला आणि २००० च्या कायद्याने दोघांसाठी अठरा ही एकच मर्यादा आली.

ही मर्यादा डळमळली ती डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार आणि हत्येनंतर. त्या प्रकरणातील एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. ३१ ऑगस्ट २०१३ रोजी त्याला तेव्हाच्या कायद्यातील कमाल म्हणजे तीन वर्षांचा आदेश झाला. २० डिसेंबर २०१५ रोजी तो सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. मधल्या काळात बरेच काही घडले होते आणि ते विसरले जाते. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वयोमर्यादा खाली आणण्यास नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सलील बाली प्रकरणात अठरा ही मर्यादा कायम ठेवली होती. संसदेच्या स्थायी समितीने फेब्रुवारी २०१५ मध्ये सोळा ते अठरा वयोगटाला मोठ्यांच्या खटल्याकडे नेण्याच्या तरतुदीला स्पष्ट विरोध नोंदवला होता. तरीही ती तरतूद आली आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. लोकांचा संताप खरा होता, त्यामागचे दुःख त्याहून खरे होते. पण हजारो मुलांना लागू होणारी ही वाट अशी एका प्रकरणाच्या सावलीत आखली गेली.

आता ती वाट कशी आहे ते पाहू. मूल प्रथम बाल न्याय मंडळापुढे येते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. कायद्याने गुन्ह्यांचे तीन वर्ग केले आहेत. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे ते किरकोळ, त्यावरचे गंभीर, आणि ज्यांना किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे ते घोर अपराध. पहिल्या दोन वर्गांत मंडळाच्या हाती पुष्कळ मार्ग आहेत: समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांकडून दंड, परिवीक्षेवर सुटका, आणि शेवटी विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे. त्याच्या जोडीला शाळेत जाण्याची, व्यसनमुक्ती उपचाराची किंवा विशिष्ट ठिकाणी न फिरकण्याची अटही घालता येते. आपल्या डोळ्यांसमोर कायम घोर अपराधच असतात. पण मंडळापुढच्या रोजच्या कामात चोऱ्या, मारामाऱ्या, दुचाक्या पळवणे यांचा भरणा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात एकूण ५८ लाखांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. त्यांत अठरा वर्षांखालील मुलांनी केल्याचा आरोप असलेले ३०,५५५ होते. म्हणजे हजारात साधारण पाच. मुलांनी देश गुन्ह्यांनी भरून टाकला आहे, या समजुतीला या आकड्यात आधार नाही.

घोर अपराध आणि वय सोळा पूर्ण, असे जुळले की वाट बदलते. मंडळाने प्राथमिक मूल्यमापन करायचे असते. मुलाची असा गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा ज्या परिस्थितीत घडल्याचा आरोप आहे ती परिस्थिती, एवढे पाहून मंडळ खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तिथे मोठ्याप्रमाणे खटला चालून दोष सिद्ध झाला तर फाशी किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप सोडून कोणतीही शिक्षा होऊ शकते. एरवी मुलाची नोंद पुढे नष्ट केली जाते, दोषसिद्धीचा डाग त्याच्या नोकरीच्या आड येत नाही. या वाटेने गेलेल्याला तेही संरक्षण उरत नाही. एका बाजूला तीन वर्षे आणि कोरी पाटी, दुसऱ्या बाजूला दहा-वीस वर्षे आणि आयुष्यभराची नोंद. हा फाटा फुटतो तो वर्गीकरणावर आणि मूल्यमापनावर. म्हणून या दोहोंची नीट तपासणी व्हायला हवी.

वर्गीकरणाचा आधार किमान शिक्षा हा आहे, आणि किमान शिक्षा संसदेने मोठ्या माणसांना समोर ठेवून ठरवल्या आहेत. त्यातून काय घडते ते दोन प्रकारच्या प्रकरणांत दिसते. दिल्लीत २०१६ मध्ये अठराला थोडा कमी असलेल्या मुलाच्या मोटारीखाली एक माणूस मरण पावला. सदोष मनुष्यवधाच्या त्या कलमात कमाल शिक्षा मोठी, पण किमान शिक्षा नाही. हा घोर अपराध मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात ठरवले आणि २०२१ च्या दुरुस्तीने संसदेनेही ते स्वीकारले. कायद्याचे शब्द पाहता हा निकाल बरोबरच होता. आता दुसरे प्रकरण घ्या. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी प्रेमात पडून घरातून निघून जातात. मुलीचे वडील तक्रार करतात. मुलीच्या संमतीला पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात अर्थ नाही आणि दोघांत शारीरिक संबंध आले असतील तर २०१९ नंतर किमान शिक्षा दहा वर्षांची आहे. म्हणजे हा घोर अपराध. ज्या मुलाच्या हातून माणूस मेला तो मोठ्यांच्या खटल्याच्या धोक्याबाहेर, आणि ज्याने प्रेमातल्या मुलीशी तिच्या संमतीने संबंध ठेवले तो त्या धोक्यात. दोघांनाही कठोर शिक्षा करा असे मी म्हणत नाही. मुलाची परिपक्वता मोजायला निघालेल्या कायद्याने पहिली चाळणीच अशी लावली आहे की तिचा परिपक्वतेशी संबंध नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी भरधाव पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा हा विषय महाराष्ट्रात घराघरांत पोहोचला. त्याच दिवशी मुलाला जामीन मिळाला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट लोकांच्या मनात कायमची रुतून बसली. दोन जिवांची किंमत एक निबंध, असे जो तो म्हणाला. हा संताप समजण्यासारखा आहे; पण निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. शिक्षेचा प्रश्न त्या दिवशी मंडळापुढे नव्हताच. खरी उणीव वेगळी होती. मुलाची सामाजिक तपासणी करून अहवाल देण्यासाठी कायद्याने परिवीक्षा अधिकाऱ्याला पंधरा दिवस दिले आहेत. ज्या दिवशी घटना त्याच दिवशी आदेश, तर मुलाचे व्यसन, घरातली शिस्त, पालकांचे वागणे यांतले काय मंडळाला ठाऊक असणार? मग लोकक्षोभ उसळला, मंडळाने आदेश फिरवून मुलाला निरीक्षणगृहात ठेवले, आणि जून महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ते ठेवणे बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितले. जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर मोठ्याप्रमाणे खटला चालवण्याची पोलिसांची मागणीही मंडळाने फेटाळली. सुरुवातीची सैल अट आणि नंतरची कोठडी दोन टोकांची वाटतात, पण मुलाची नीट माहिती हाती येण्याआधी दिलेले आदेश म्हणून दोन्ही सारखेच कच्चे होते.

प्राथमिक मूल्यमापनाची अडचण याहून खोल आहे. गुन्हा मुलाने केला की नाही हे अजून ठरलेले नसते, तरी त्याने तो कोणत्या परिस्थितीत केला हे मानसतज्ज्ञाने विचारायचे असते. मूल खरे बोलले तर स्वतःविरुद्ध पुरावा तयार करते. गप्प बसले तर पश्चात्ताप नाही अशी नोंद होण्याची भीती. शिवाय हे सारे प्रथम हजर केल्यापासून तीन महिन्यांत उरकावे अशी अपेक्षा आहे. गुरुग्राममधील एका शाळेत २०१७ साली झालेल्या हत्येच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये या कामाच्या उथळपणावर बोट ठेवले. बुद्धिमापन चाचणीत गुण चांगले पडले म्हणून परिणामांची जाण आहे असे मानता येत नाही. परिणाम म्हणजे केवळ समोरचा माणूस मरेल एवढे कळणे नव्हे, त्याच्या घरच्यांवर आणि स्वतःच्या आयुष्यावर पुढे काय ओढवेल हेही त्यात येते. आणि मंडळात बालमानसशास्त्राचे जाणकार नसतील तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक आहे, असे न्यायालयाने सांगितले. हे मार्गदर्शन मोलाचे आहे. पण काही महिन्यांपूर्वी, भीतीच्या, रागाच्या किंवा मित्रांच्या भरीला पडलेल्या क्षणी त्या मुलाचे मन कसे होते, हे आज शांत खोलीत बसून सांगण्याचे शास्त्र अजून कुणाकडे नाही.

आजची मुले लवकर शहाणी होतात, मोबाइलवर सगळे पाहतात, मग त्यांना परिणाम कळत नाहीत असे कसे म्हणता येईल, हा आक्षेप इथे हमखास येतो. तो निम्मा बरोबर आहे. सोळा वर्षांच्या मुलाला चाकूने माणूस मरतो हे कळते. निवांत बसून विचार करायला दिला तर तो मोठ्या माणसाइतकेच योग्य उत्तर देतो. कच्ची असते ती स्वतःला आवरण्याची शक्ती, विशेषतः बरोबरीची मुले बघत असताना. मेंदूचा जो भाग आवेग आवरतो तो विशीच्या पलीकडेपर्यंत घडत राहतो. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये न्यूझीलंडमधील अभ्यासाच्या आधारे मांडले की कायदा मोडणाऱ्या किशोरांपैकी बहुतेकांचे ते वागणे त्या वयापुरते असते. आयुष्यभर गुन्हेगारीत राहणारे थोडे असतात. आणि सोळाव्या वर्षी हे दोन गट बाहेरून सारखेच दिसतात. जर्मनीने यातून घेतलेला धडा आपल्या उलट आहे. तिथे अठरा ते वीस वर्षांच्या तरुणाची वाढ अजून किशोरासारखी असेल, तर त्यालाही मुलांचाच कायदा लावता येतो. परिपक्वतेची चौकशी तिथेही होते, पण ती तरुणाला खाली ओढायला नव्हे, तर सावरायला.

दुसरा आक्षेप धाकाचा आहे. पुण्यात कोयते नाचवत वस्त्यांत दहशत बसवणाऱ्या टोळ्यांत अल्पवयीन मुले दिसतात, कारण त्यांना फार काही होत नाही हे टोळीवाल्यांना पक्के ठाऊक असते, असे सांगितले जाते. हे खरे आहे, पण मग धाक कुणाला हवा? मुलांचा असा वापर करणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड याच कायद्याच्या ८३ व्या कलमात आहे. त्या कलमाची मागणी करत मोर्चे निघालेले दिसत नाहीत. मुलांना मोठ्यांच्या न्यायालयात पाठवून काय साधते, याचा सर्वांत विस्तृत अनुभव अमेरिकेचा. तिथल्या रोगनियंत्रण केंद्रांच्या आश्रयाखालील तज्ज्ञगटाने उपलब्ध अभ्यास तपासून २००७ मध्ये निष्कर्ष काढला की मोठ्यांच्या न्यायालयात पाठवलेली मुले, मुलांच्या न्यायालयात ठेवलेल्या मुलांपेक्षा पुढे जास्त हिंसक गुन्हे करतात. आणि इतर मुलांना त्यामुळे धाक बसतो असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. अमेरिकेचे तुरुंग वेगळे, समाज वेगळा. तरी निब्बर गुन्हेगारांच्या सहवासात पोर निब्बर होते, हे सांगायला परदेशी अहवालाचीही गरज नाही.

सर्वांत जड आक्षेप पीडितांचा आहे. ज्या घरातली मुलगी गेली त्या घराला मारणाऱ्याचे वय सतरा होते याने काय फरक पडतो? काहीच पडत नाही. त्यांच्या दुःखाचे माप गुन्हेगाराच्या जन्मतारखेवरून ठरत नाही, आणि बाल न्यायव्यवस्थेने त्यांना आजवर जवळजवळ दाराबाहेरच उभे केले आहे. चौकशी बंद दाराआड, नावे गुप्त, आदेशाची कारणे त्रोटक. मुलाची ओळख झाकणे योग्यच आहे. पण पीडितांना कारणे न सांगणे योग्य नाही. मंडळाने काय पाहिले, कोणता पर्याय का नाकारला, मुलाकडून काय अपेक्षा ठेवली, हे त्यांना समोर बसवून सांगायला कायद्याचा अडथळा नाही. शिक्षा कमी म्हणून जेवढा क्षोभ होतो, त्यातला मोठा भाग आपल्याला कुणी विचारलेच नाही या भावनेचा असतो. त्यावर उपाय अधिक वर्षे हा नाही.

घाईने लावलेल्या मोठ्यांच्या मापाचे टोक पुण्यानेच पाहिले आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये कोथरूड परिसरात एकाच घरातील पाच स्त्रिया आणि दोन मुलांची हत्या झाली. त्या स्त्रियांपैकी एक गरोदर होती. शहर हादरले आणि ते हादरणे अगदी साहजिक होते. १९९८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने फाशी सुनावलेल्यांपैकी एकाचे वय विशीच्या पुढचे नोंदले गेले होते. सर्वोच्च न्यायालयानेही ती फाशी कायम केली. पुढे त्याच्या राजस्थानातील शाळेची नोंद पुढे आली, चौकशी झाली आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. तोपर्यंत त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता, त्यातला बराचसा फाशीच्या सावलीत. आजच्या कायद्याने त्याला कमाल तीन वर्षे ठेवता आले असते. वयाचा मुद्दा खटला संपल्यावरही केव्हाही मांडता येतो, ही तरतूद नसती तर तो सुटलाच नसता. पोलीस ठाण्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत इतक्या पायऱ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीवरही शाळेचा दाखला कुणी मागवला नाही.

श्रीमंताच्या मुलाला चांगला अहवाल आणि गरिबाच्या मुलाला वाईट, असे व्यक्तिगणिक न्यायात होणारच, ही शंका या सगळ्यावर उरते, आणि मला ती सर्वांत बोचते. महागडा वकील, खासगी समुपदेशक, परदेशी शिक्षणाचे कागद एका फाइलमध्ये. दुसऱ्या फाइलमध्ये वडील मजूर, आई धुणीभांडी करते, शाळा सोडली, संगत वाईट, एवढ्या चार ओळी. दुसऱ्या मुलाला घरी पाठवणे धोक्याचे वाटते, म्हणून तो आत राहतो. पण सर्वांना सारखीच वर्षे देऊन ही विषमता जात नाही, ती फक्त दिसेनाशी होते. ती कमी करायची तर त्या चार ओळींच्या जागी खरा अहवाल हवा: परिवीक्षा अधिकारी घरी गेला होता का, शाळेतल्या बाईंशी बोलला का, मुलाने शाळा का सोडली हे विचारले का, जामिनावर सुटल्यास त्याला सांभाळायला आत्या, मामा कुणी आहे का. एका अधिकाऱ्याच्या गळ्यात अनेक तालुके बांधले तर हे होणे शक्य नाही. न्यायालयाच्या इमारतीला जसा निधी लागतो तसाच या माणसाच्या प्रवासाला आणि वेळेलाही लागतो.

आता त्या दुर्लक्षित सोयीकडे येतो. बाल न्यायालयाने मोठ्याप्रमाणे शिक्षा दिली तरी मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत तुरुंगात नव्हे, सुरक्षित स्थानी ठेवायचे असते. शिक्षेबरोबर त्याच्यासाठी वैयक्तिक आराखडा करायचा असतो आणि दर वर्षी त्याच्या प्रगतीचा अहवाल न्यायालयाकडे जायचा असतो. एकविसावे पूर्ण झाल्यावर शिक्षा शिल्लक असेल तर न्यायालयाने त्याच्याकडे नव्याने पाहायचे: त्याच्यात बदल झाला आहे का, तो समाजात नीट राहू शकेल का. उत्तर होकारार्थी असेल तर देखरेखीखाली सुटका, नसेल तर उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंग. सोळाव्या वर्षी जे कळूच शकत नाही ते पाच वर्षांच्या वागण्यातून बरेचसे कळू शकते. धोकादायक उरलेल्याला रोखण्याचा अधिकारही यात आहे, त्यामुळे समाजाच्या सुरक्षेची काळजी करणाऱ्यांनीही याच टप्प्याचा आग्रह धरायला हवा. फाटा सोळाव्या वर्षी फोडण्यापेक्षा सर्वच गंभीर प्रकरणांत निर्णयाचा भार या फेरतपासणीवर टाकावा, असे माझे मत आहे.

आज मात्र ही सोय बऱ्याच अंशी कागदावर राहते, कारण खटलाच लांबतो. सतराव्या वर्षी पकडलेल्या मुलाचा निकाल बाविसाव्या वर्षी लागला, तर एकविसाव्या वर्षी पाहायचे काय आणि कुणी? मधल्या वर्षांत आराखडा नाही, वार्षिक अहवाल नाही, कारण शिक्षाच झालेली नाही. म्हणून पुढील प्रकरणांतले आदेश वाचताना शिक्षेच्या आकड्याआधी तारखा पाहाव्यात: मुलाला मंडळापुढे प्रथम कधी आणले, सामाजिक तपासणी अहवाल कोणत्या दिवशी दाखल झाला, मूल्यमापन करणाऱ्याने मुलाबरोबर किती वेळ घालवला, आणि ज्या दिवशी तो एकवीस वर्षांचा झाला त्या दिवशी त्याचा खटला कोणत्या टप्प्यावर होता.